लाल मातीतली जास्वंद पिवळी पडते आहे, नक्की काय कमी आहे?

परसदार | ६ मे, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर मालगुंडच्या बाजूला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. अंगणाच्या कठड्यावर आणि पडवीच्या पायऱ्यांवर मिळून अकरा कुंड्या आहेत: चार जास्वंदी, तीन मोगरे, दोन गुलाब, एक अनंत आणि एक पसरट कुंडी अबोलीची. फेब्रुवारीत सगळ्यांची माती बदलली, बारा इंची कुंड्या घेतल्या. मार्चभर झाडं छान होती. एप्रिलच्या मध्यापासून जास्वंदीची नवी पानं फिकट येऊ लागली. आता शेंड्याची पानं पिकल्या लिंबासारखी पिवळी आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या, जाळं काढल्यासारख्या. कळ्या हरभऱ्याएवढ्या होतात आणि गळतात. अनंताचंही तसंच. मोगऱ्याची खालची पानं पिवळी आणि वरची बरी. एका गुलाबाच्या पानांच्या कडा करपल्या आहेत.

विहिरीजवळ सासूबाईंनी लावलेली लाल जास्वंद आहे, या चारही तिच्याच फांद्यांपासून केलेल्या. चतुर्थीला आमच्या गणपतीला त्याच झाडाची फुलं असतात. पावसाळा संपला की रस्ता रुंद होणार आणि मूळ झाड त्या हद्दीत येतं, म्हणजे ते जाणार. म्हणून या चार मला काहीही करून जगवायच्या आहेत. आणि गंमत म्हणजे मूळ झाड आजही हिरवंगार आहे. तीच लाल माती, तोच वारा, आणि कुंडीतली तिचीच लेकरं पिवळी!

आतापर्यंत केलेले उपाय: प्रत्येक कुंडीला दोन मुठी चुलीतली राख, अंड्याच्या टरफलांचा चुरा, दर चार दिवसांनी केळीच्या साली भिजवलेलं पाणी आणि एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत). फरक शून्य, उलट पिवळेपणा वाढला. विहीर एप्रिलअखेर तळ गाठते, त्यामुळे सध्या बोअरचं पाणी घालते. फोटो जोडले आहेत. कृपया सांगा काय कमी आहे ते.

वाशिष्ठी | ६ मे, सकाळी ९:०५

एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घाला ताई, एक चमचा एक लिटर पाण्यात. माझ्या मोगऱ्याला पंधरा दिवसांत फरक पडला होता.

काजवा | ६ मे, सकाळी १०:३०

केळीच्या सालीचं पाणी बंद करू नका. फुलझाडांना पोटॅश लागतंच. आणि कुंडीत दोन-चार गंजके खिळे पुरा, आमच्याकडे मालवणात सगळे तसंच करतात.

माडाखाली | ६ मे, दुपारी २:१५

परसदारताई, आता काहीही घालू नका. माझी दापोलीजवळ रोपवाटिका होती, तीस वर्षं हेच काम केलं, म्हणून जरा अधिकाराने सांगतो. कुंडी म्हणजे जेमतेम बारा-पंधरा लिटर माती. जमिनीत मूठभर राखेचं काही वाटत नाही, कुंडीत तीच मूठ सगळा हिशोब उलटा करते.

पहिला प्रश्न एकच असतो: पिवळं पान जुनं की नवं? नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही चार अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरती असतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला पाठवतं. म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा जिथे बसले तिथेच बसतात. ते कमी पडले की नवं पानच रोगट जन्माला येतं. जस्त आणि मँगनीज थोडे मधले, पण तेही बहुधा वरच्या भागातच दिसतात.

दुसरा प्रश्न, पिवळेपणा कसा आहे? खालचं पान शिरांसकट सगळं फिकट झालं तर नत्र. खालच्याच पानाची कड तपकिरी होऊन वाळत आत आली तर पालाश. खालच्या पानाच्या देठाजवळ हिरवी पाचर उरली आणि बाकीचं पिवळं झालं तर मॅग्नेशियम. पान बारीक, काळपट हिरवं, खालून जांभळट झाक आणि फुलं उशिरा, तर स्फुरद. वरचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह. वरचं पान शिरांसकट फिकट असेल तर गंधक. पानं चिमुकली आणि शेंड्याशी गुच्छ झालेला, तर जस्त. शेंडाच मरतो, कळी वेडीवाकडी होते, तेव्हा बोरॉन किंवा कॅल्शियमकडे बघावं.

या हिशोबाने तुमची जास्वंद आणि अनंत लोहाला मुकलेत आणि मोगरा मॅग्नेशियमला. वाशिष्ठी म्हणतात ते एप्सम सॉल्ट मोगऱ्याला चालेल, जास्वंदीला त्याचा काही उपयोग नाही. पण लोह कमी हे नुसतं लक्षण झालं. कारण शोधायचंय. म्हणून हे सांगा: कुंडीखालची भोकं उघडी आहेत का? पानाच्या मागे बारीक ठिपके किंवा जाळी आहे का? बोअरच्या पाण्याने पातेल्यात पांढरा थर येतो का? आणि फेब्रुवारीत कुंड्या नक्की कशाने भरल्या? कुठल्या कुंडीत काय, ते वेगवेगळं सांगा.

परसदार | ६ मे, रात्री ९:५०

काका, खूप आभार. एवढं नीट मला कोणीच सांगितलं नव्हतं. भोकं उघडी आहेत, पाणी धडाधड निघून जातं. पानामागे काही नाही, भिंगातून बघितलं. पातेल्यात पांढरा थर येतो, बंबातही येतो.

माती विहिरीजवळचीच लाल. त्यात शेणखत आणि पाणी निचरावं म्हणून वाळू. ही वाळू पुळणीवरची, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची, घरात एका कामासाठी आणलेली पोतंभर उरली होती. खारट असणार म्हणून गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून मगच मिसळली. चार जास्वंदी, अनंत आणि एका गुलाबात ती पुरली. मोगरा, अबोली आणि दुसऱ्या गुलाबात वाळू नाही, नुसती माती आणि खत. राख आणि टरफलं सगळ्यांना.

मोगऱ्याचं पान परत बघितलं. तुम्ही म्हणता तशी देठाजवळ हिरवी पाचर आहे!

तांबडी_माती | ७ मे, सकाळी ६:३५

ताई, उत्तर तुमच्याच शेवटच्या पोस्टमध्ये आहे. बोअरचं पाणी मोगऱ्यालाही गेलं, राख त्यालाही गेली, पण हिरव्या शिरांचा पिवळेपणा फक्त वाळूच्या कुंड्यांत आहे. पुळणीची वाळू धुतली की मीठ जातं. शिंपले जात नाहीत.

आज एक करून बघा. उरलेल्या वाळूतली चमचाभर कोरडी वाळू बशीत घ्या आणि त्यावर लिंबाचा रस पिळा. शेजारी दुसऱ्या बशीत विहिरीजवळची नुसती लाल माती घेऊन तिच्यावरही पिळा. कान जवळ न्या. जिथे फसफस होईल तिथे चुना आहे.

परसदार | ७ मे, सकाळी ८:१०

वाळू फसफसली. सोड्यासारखी! लाल माती गप्प आहे. मी दोन्ही बशांकडे बघत पाच मिनिटं नुसती उभी होते. वाळू हातावर पसरून भिंगातून बघितली तर निम्मे कण म्हणजे शंख-शिंपल्यांचे तुकडे.

पण मला एक कळत नाही. आपली माती लाल आहे तीच लोहामुळे ना? मग लोहाच्या ढिगात बसून झाडाला लोह मिळत नाही, हे कसं?

काजवा | ७ मे, सकाळी ९:२०

मलाही हेच विचारायचं होतं. आणि खिळ्यांचं काय ते पण सांगा.

तांबडी_माती | ७ मे, दुपारी १२:४५

जांभ्याच्या, म्हणजे आपल्या लाल दगडाच्या मातीतलं लोह म्हणजे गंजच. झाडाची मुळं गंज खाऊ शकत नाहीत, त्यांना पाण्यात विरघळलेलं लोह लागतं. ते किती विरघळेल हे मातीच्या आंबटपणावर ठरतं. तो मोजायचा आकडा म्हणजे सामू (पीएच), आकडा जितका कमी तितकी माती आंबट. कोकणातली जांभी माती मुळातच आम्ल असते, सामू साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. तिथे जास्वंद, अनंत, एक्झोरा यांना हवं तेवढं लोह सहज मिळतं. सामू एका आकड्याने चढला की विरघळणारं लोह हजार पटीने घटतं. हजार पटीने! शिंपल्यांचा चुरा मातीचा सामू आठच्या आसपास नेऊन ठेवतो. कोठार भरलेलं आहे, त्याला कुलूप लागलंय. विहिरीजवळच्या मूळ झाडाच्या पायाशी हे कुलूप नाही, म्हणून ते हिरवं.

राख आणि अंड्याची टरफलं हाही चुनाच. आम्ल मातीत थोडी राख एखादवेळी चालून जाते, आधीच चुना असलेल्या कुंडीत ती आगीत तेल.

आता खिळ्यांचं. काजवा, मातीच अर्धी गंजाची आहे. तिच्यात आणखी दोन खिळे पुरून काय होणार?

पाण्याचंही सांगतो. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं. आपल्या भागात बोअर जांभा ओलांडून खालच्या काळ्या कातळात जाते आणि तिथलं पाणी जड, म्हणजे चुन्याचे क्षार असलेलं, निघू शकतं. पातेल्यातला पांढरा थर तोच. असं पाणी रोज घातलं तर शिंपले नसले तरी वर्ष-दोन वर्षांत सामू चढतो. बोअर झाल्यापासून जास्वंद बिघडली म्हणणारे आमच्याकडे बरेच आहेत.

माडाखाली | ७ मे, दुपारी ४:००

तांबडी_माती यांनी अचूक पकडलं. मी चाळीस वेळा विचारलं असेल लोकांना "कुंडीत काय भरलं", पण पुळणीची वाळू दोनदाच सापडली.

आता उपाय. शिंपले विरघळवण्यासाठी लिंबू, ताक, व्हिनेगर ओतत बसू नका. एवढा चुना मारायला लागेल तेवढं आम्ल घातलंत तर मुळं आधी मरतील. माती बदलणं हाच खरा इलाज. पण आज बदलू नका. मे महिन्याच्या उन्हात अशक्त झाडाची मुळं हलवली तर ते तग धरणार नाही. पहिला पाऊस पडून हवा थंड झाली की जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बदला.

तोपर्यंतची सोय म्हणून चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मातीत गंज न होता विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह. दुकानात दोन प्रकार मिळतील, नाव नीट वाचून घ्या. ईडीटीए प्रकारात १२ टक्के लोह असतं, पण साडेसहाच्या वर सामू गेला की ते मातीत टिकत नाही. तुमच्या कुंडीत ते वाया जाईल. ईडीडीएचए प्रकारात लोह ६ टक्केच, पण चुनखडीच्या मातीतही ते मुळांपर्यंत पोचतं. महाग आहे, पण तुम्हाला हेच लागेल. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, द्रावण लालभडक दिसेल. संध्याकाळी, आधी ओली केलेल्या मातीत प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा, बस.

साधं हिराकस म्हणजे फेरस सल्फेट स्वस्त मिळतं, पण या मातीत घातलं तर दोन दिवसांत त्याचाही गंज होतो.

मोगऱ्याचं कारण वेगळं आहे. राख आणि केळीच्या साली, दोन्हींत पालाश भरपूर. पालाश आणि कॅल्शियम मातीत फार झाले की मुळं मॅग्नेशियम घेऊ शकत नाहीत. राख बंद, सालींचं पाणी बंद. एप्सम सॉल्ट लिटरला ५ ग्रॅम, सकाळी लवकर पानांवर फवारा, पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा. जी पानं पिवळी पडली ती गळतील, त्यांच्याकडे बघू नका. वरची पानं हिरवी राहतायत का ते बघा.

गुलाबाच्या करपलेल्या कडांचा फोटो जवळून द्या. कुंडी कुठल्या दिशेला आहे तेही.

परसदार | ७ मे, रात्री १०:०५

गुलाब कठड्याच्या पश्चिम टोकाला, समोर थेट समुद्र. करपलेली पानं फक्त समुद्राच्या बाजूची आहेत, जुनी आणि नवी दोन्ही. घराकडच्या बाजूची पानं ठीक. यात वाळू नाही.

माडाखाली | ८ मे, सकाळी ७:००

मग ते पालाश नाही, खारा वारा आहे. पालाशची कमतरता झाडाच्या चारी बाजूंना, आधी जुन्या पानांवर दिसते. वारा दिशा बघून मारतो, पानाचं वय बघत नाही. कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या आणि जून उजाडेपर्यंत दोन दिवसांआड पानं गोड्या पाण्याने धुवा. पुढेमागे गुलाबाला पोटॅश द्यायची वेळ आली तर सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, म्युरेट नको. म्युरेट म्हणजे क्लोराइड, आणि किनाऱ्यावर क्लोराइड आधीच पुष्कळ आहे.

वाशिष्ठी | ८ मे, सकाळी ८:३०

काका, मी घाईने एप्सम सॉल्ट सांगून मोकळी झाले, माफ करा. वाचनखूण साठवली आहे. एक विचारू? पावसाचं पाणी साठवून ठेवलेलं असेल तर ते बोअरपेक्षा बरं ना?

माडाखाली | ८ मे, सकाळी ८:५५

माफी कसली, मोगऱ्याला तुमचंच औषध सांगितलं ना मी. पावसाच्या पाण्यासारखं कुंडीला दुसरं पाणी नाही. झाकलेल्या पिंपात ठेवा म्हणजे डास होणार नाहीत. दोन-तीन पिंपं भरली तर अनंत आणि जास्वंदीचा उन्हाळ्याचा बराच भाग निघतो.

काजवा | ९ मे, दुपारी ३:४०

थोडं अवांतर. आमच्याकडे माडाला मासळीचं खत घालायची जुनी पद्धत. बाजारात सुकी कुटी, म्हणजे सुक्या मासळीचा चुरा, मिळते. ती कुंडीतल्या जास्वंदीला चालेल का? आणि मासे धुतलेलं पाणी? आमची आजी म्हणायची, झाडाक मासळीचा पाणी घाल, फुलां बघ कशी येतत.

तांबडी_माती | ९ मे, संध्याकाळी ७:२०

मासे धुतलेलं पाणी, मीठ न लावता धुतलं असेल तर, पातळ करून आठवड्यातून एकदा चालेल. आजींचं बरोबर होतं, त्यात नत्र असतं. कुटी मात्र जपून. खारवलेल्या मासळीची असेल तर कुंडीत अजिबात नको, मीठ बाहेर जायला जागा नसते. बिनमिठाची असली तरी तिच्यात नत्राबरोबर स्फुरदही भरपूर. जास्वंद स्फुरदाच्या बाबतीत नाजूक आहे. स्फुरद फार झालं की तेही लोहाला अडवतं आणि पुन्हा तोच पिवळेपणा. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतात ४६ टक्के स्फुरद असतं, म्हणून फुलं येत नाहीत या कारणाने कुंडीतल्या जास्वंदीला डीएपी घालणाऱ्यांना मी हात जोडून थांबवतो. माडाची गोष्ट वेगळी. त्याची मुळं कुठच्या कुठे पसरतात.

परसदार | २४ मे, सकाळी ७:१५

धागा वर काढते आहे. ईडीडीएचए रत्नागिरीत तिसऱ्या दुकानात मिळालं. ९ तारखेला पहिला डोस दिला. आज पंधरा दिवसांनी सांगते, चारही जास्वंदींचे शेंडे हिरवे आहेत. पोपटी नाही, हिरवे. जी पानं आधीच पार पिवळी होती त्यांतली अर्धी सुधारली, बाकीच्यांवर तपकिरी डाग पडले. अनंत अजून तसाच. आज दुसरा डोस देते.

माझ्याकडून एक चूक झाली. एका जास्वंदीला घाईत कोरड्या मातीत द्रावण दिलं, तिची दोन पानं कडेने करपली. काकांनी ओल्या मातीत सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाकडून ही चूक होऊ नये म्हणून लिहिलं.

निवळी | २६ मे, रात्री ११:००

अलिबागहून. माझा प्रश्न उलटा आहे. जास्वंदीची पानं काळीभोर हिरवी, झाड कमरेएवढं, पण तीन महिन्यांत एक फूल नाही. दर आठवड्याला युरिया घालते चमचाभर. आंब्याच्या सावलीत आहे.

माडाखाली | २७ मे, सकाळी ६:४५

युरियात ४६ टक्के नत्र. दर आठवड्याला चमचाभर म्हणजे झाडाला फक्त पानं वाढवायला सांगताय. दोन महिने पूर्ण बंद करा आणि कुंडी उन्हात हलवा. पाच-सहा तास थेट ऊन मिळाल्याशिवाय जास्वंद फुलत नाही, कुठलंही खत घाला.

परसदार | १३ जून, दुपारी १:३०

पाऊस सुरू झाला आणि काल माती बदलली. मिश्रण असं केलं: दोन भाग विहिरीजवळची लाल माती, एक भाग दोन वर्षं कुजलेलं शेणखत, एक भाग नारळाच्या सोडणांचा भुसा आणि वाळूऐवजी अर्धा भाग चिऱ्याचा, म्हणजे जांभा दगडाचा चुरा. जवळच चिऱ्याची खाण आहे, तिथून चाळून आणला. भुसा तीनदा पाण्यात भिजवून पिळला, पहिलं पाणी चहासारखं निघालं. प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. चुऱ्यावर लिंबू पिळून बघितलं, आवाज नाही.

कुंडी उलटी केली तेव्हा जुनी माती मुळांवरून हलकेच झटकली. बाहेरची मुळं तपकिरी होती, आतली पांढरी. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "मुळां पांढरी असत ना, मग झाड जगात." त्या मूळच्या कुडाळच्या. हे वाक्य त्या प्रत्येक रोपाच्या बाबतीत म्हणायच्या.

तांबडी_माती | १३ जून, संध्याकाळी ६:१०

चिऱ्याचा चुरा! अगदी योग्य. निचरा पण होतो आणि आम्लही राहतो. इथल्या प्रत्येकाने लिहून ठेवावं असं.

परसदार | १९ जुलै, सकाळी ८:००

पुन्हा काळजी. वीस दिवस पाऊस थांबलेला नाही. शेंडे हिरवे आहेत पण आता जास्वंदीची खालची पानं फिकट पडतायत, शिरांसकट. गळतायतही. परत लोह घालू का?

वाशिष्ठी | १९ जुलै, सकाळी ८:४०

ताई, या वेळी मी नीट वाचून लिहिते. खालची पानं, शिरांसकट, म्हणजे लोह नाही. नत्र ना काका?

माडाखाली | १९ जुलै, सकाळी ९:३०

शंभर टक्के बरोबर. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. जांभ्याच्या मातीची अन्न धरून ठेवायची ताकद मुळात कमी. नत्र, पालाश, मॅग्नेशियम कुंडीच्या भोकातून वाहून जातात. ऑगस्टमध्ये कोकणातल्या निम्म्या कुंड्या अशाच फिकट दिसतात.

पण आधी एक खात्री करा. पाऊस थांबल्यावर कुंडीच्या भोकातून पाणी निघून जातंय ना? पायरीवर ठेवलेली कुंडी असेल तर भोक फरशीला चिकटतं. मुळं पाण्यात बुडाली तरी खालची पानं अशीच पिवळी पडतात, आणि तेव्हा खत घालणं म्हणजे गुदमरलेल्याला जेवण भरवणं. कुंडीखाली विटेचे तीन तुकडे लावा.

निचरा ठीक असेल तर उघडीप मिळेल त्या दिवशी १९:१९:१९, लिटरला २ ग्रॅम, प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर. पंधरा दिवसांनी पुन्हा. पावसात एकदम मोठा डोस देऊ नका, तो तासाभरात अंगणात जातो. त्याला पर्याय शेंगदाणा पेंड: १०० ग्रॅम पाच लिटर पाण्यात चार दिवस भिजवायची, मग दहापट पाणी घालून द्यायची. वास येतो, पण काम चोख. जास्वंदीला मीही तीच देत आलोय.

काजवा | १९ जुलै, रात्री ८:१५

कुंडीखाली विटा, आजच लावल्या. माझ्या तीन कुंड्यांची भोकं फरशीला चिकटून पूर्ण बंद होती. आजी असती तर बोलली असती, मुळांक वारो व्हयो.

परसदार | ११ ऑगस्ट, सकाळी ७:०५

दोन कुंड्या खरंच पाण्यात होत्या! विटा लावल्या, मग खत दिलं. खालची पानं गळायची थांबली. तीन जास्वंदींवर कळ्या आहेत, सगळ्यात मोठी बोराएवढी. चौथीच्या कळ्या मात्र अजून गळतायत आणि तिच्यावर मुंग्या चढतात. पानं हिरवी आहेत.

तांबडी_माती | ११ ऑगस्ट, सकाळी ७:५०

मुंग्या दिसल्या की खताचा विषय तिथेच थांबवा. कळीच्या देठाशी आणि पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का बघा. पिठ्या ढेकूण असणार. कापसाच्या बोळ्याने पुसून काढा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा.

परसदार | ११ ऑगस्ट, दुपारी १२:२०

आहेत. देठाच्या मागे लपलेले. मी दोन महिने त्या झाडाला उपाशी समजत होते.

निवळी | २ सप्टेंबर, सकाळी ९:००

युरिया बंद करून तीन महिने झाले, कुंडी गच्चीवर नेली. आज पहिलं फूल. फोटो टाकलाय. माडाखाली काका, नमस्कार.

परसदार | १५ सप्टेंबर, रात्री ९:४०

चतुर्थीला चार कुंड्यांची मिळून एकवीस फुलं निघाली. मूळ झाडाची वेगळी. दोन्ही एकाच परडीत ठेवली, ओळखू आली नाहीत. अनंताने नवी पानं हिरवी दिली आहेत, फूल नाही. मोगऱ्याचा बहर आता उन्हाळ्यातच. समुद्राकडचा गुलाब आडोशाला रमला. वाळूतला दुसरा गुलाब जुलैत गेला, त्याची माती मी वेळेत बदलली नव्हती.

रस्त्याची आखणी झाली, विहिरीजवळच्या झाडावर चुन्याची खूण आहे. त्याच्या बारा फांद्या काढून पिशव्यांत लावल्या.

वाशिष्ठी | १५ सप्टेंबर, रात्री १०:१०

ताई, त्यातली एक मला मिळेल का? चिपळूणला न्यायला मी येईन.

परसदार | १५ सप्टेंबर, रात्री १०:२५

दोन ठेवते तुमच्यासाठी. मुळं धरायला महिना-दीड महिना लागेल, दिवाळीच्या सुमारास या. नुसतं रोप देणार नाही, चिऱ्याचा चुरा मिसळलेली मातीही पोतंभर देते. कुंडी भरण्याआधी तुमच्या पाण्याचं पातेलं एकदा बघून ठेवा, पांढरा थर येतो का ते.